'इर्रेझिस्टिबल' आणि 'अनावर' : एका विशेषणाच्या भाषांतराचा प्रश्न

इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतील व्यक्तिवर्णनांत 'इर्रेझिस्टिबल' हे विशेषण वारंवार भेटते. समोरच्याला विरोध करणेच अशक्य व्हावे असे आकर्षण, हा त्याचा आशय होय. भाषांतरकाराला प्रथम सुचतात ते 'अनावर', 'अनिवार', 'दुर्निवार' हे प्रतिशब्द, आणि घोटाळ्याला येथूनच आरंभ होतो. इंग्रजी वाक्यातील मोहवून टाकणाऱ्या हास्यासाठी 'तिचे हसू अनावर होते' असे लिहिले, तर मराठी वाचकाला एवढेच समजते की, तिला स्वतःचे हसू आवरत नव्हते. भुरळ पडावयाची ती पाहणाऱ्याला. भाषांतरात मात्र हसणारीच आपल्या हसण्यापुढे हतबल ठरते.

हा दोष केवळ शब्दनिवडीचा नाही. लॅटिनमधील मूळ क्रियापदाचा अर्थ समोर ठाकून थोपवणे असा आहे. थोपवता न येणारी शक्ती इंग्रजी विशेषण थेट वस्तूच्या किंवा व्यक्तीच्या अंगी मानते. मराठीतील 'आवरणे' मात्र आपले आपल्याला आवरणे असते. हसू, रडू, झोप, राग, मोह ही सारी ज्याची त्याला अनावर होतात. घोडा किंवा जमाव अनावर झाला असे म्हणताना तरी कोणाचा तरी ताबा सुटलेला असतो. आकर्षणाचा तेथे संबंध नसतो. 'दुर्निवार आकर्षण' हा प्रयोग निर्दोष आहे, कारण विशेषण भावनेला लागले आहे. 'दुर्निवार तरुणी' म्हटले की वर्गात हशा पिकतो, आणि तो योग्यच होय.

मराठीची स्वाभाविक वाट क्रियापदाची आहे : 'तिच्या हसण्याची कोणालाही भुरळ पडे', 'त्याच्या बोलण्यापुढे कोणाचे काही चालत नसे', 'मला मोह आवरला नाही'. अनुभवणारा येथे बहुधा चतुर्थीत येतो आणि घडणारी गोष्ट त्याच्यावर घडते. विशेषणाच्या जागी विशेषणच हवे, असा हट्ट धरणारे भाषांतर अचूक दिसते, पण मराठी राहत नाही.

'मोहक' हा सोपा पर्याय उरतो. पण तो सौम्य झाला आहे. पडद्यांचा रंगही आज मोहक असतो. मूळ 'मुह्' धातूचा अर्थ मात्र भान हरपणे असा आहे. 'मूढ' आणि 'मुग्ध' ही त्याचीच रूपे. गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुन आपला मोह नष्ट झाल्याचे सांगतो, तेव्हा तो सौंदर्याविषयी बोलत नसतो. समुद्रमंथनाच्या कथेतील मोहिनीने असुरांचे अमृत नेले, ते त्यांचे भान हरपवूनच. त्याच अमृतकुंभाच्या कथेशी सिंहस्थाचे नाते जोडणाऱ्या नाशिककरांना हे वेगळे सांगावयास नको. 'मोहिनी घालणे' या वाक्प्रचारात ही जुनी धार टिकून आहे, 'मोहक'मध्ये ती नाही.

'चार्म' या इंग्रजी शब्दाचीही हीच कथा. लॅटिन 'कार्मेन' म्हणजे गीत, तसाच मंत्रही. 'ऑथेल्लो'च्या पहिल्या अंकात डेस्डिमोनाचा पिता जावयावर चेटकाचा आरोप ठेवतो, तेव्हा या शब्दाला गुन्ह्याचा अर्थ आहे. तेथे 'आकर्षण' लिहिणारा भाषांतरकार खटल्याचा पायाच काढून घेतो. तेथे 'वशीकरण' हवे. ऑथेल्लोचा बचावही याच शब्दाभोवती फिरतो. आपण सांगितलेली आयुष्याची कहाणी हेच आपले चेटूक, असे तो म्हणतो. हे नाटक मराठीत आणणारे कुसुमाग्रज नाशिकचे. त्यांची संहिता मुळाशेजारी ठेवून हे दोन प्रसंग वाचणे पदव्युत्तर वर्गाला उपयोगाचे ठरेल.

'लोभस'ची गोष्ट याहून निराळी. मोहाप्रमाणे लोभही षड्रिपूंपैकीच. परंतु पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहिणाऱ्या मराठी माणसाने त्याचे वैर केव्हाच संपविले आहे. म्हणून तान्ह्या मुलाला आजी निःशंकपणे 'लोभस' म्हणते. 'मादक' म्हणणार नाही.