शेवटी कोणी मरत नाही अशी गोष्ट हवी!

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी एक तरी 'मी वाचलेलं पुस्तक' असतंच. यंदा मी एका पुस्तकाऐवजी एका अख्ख्या कप्प्याबद्दल लिहायचं ठरवलंय. दोन मुलींच्या प्रेमाच्या गोष्टी. हो, बरोबर वाचलंत! भुवया खाली आल्या की पुढे वाचा.

हॉस्टेलमध्ये माझी ओळख 'पुस्तकवाली' अशी आहे. कोणाला अगाथा ख्रिस्ती हवी असते, कोणाला पु. ल., कोणाला सबमिशनच्या रात्री झोप येऊ नये म्हणून काहीतरी भुताचं. गेल्या सेमिस्टरला एका मुलीने अगदी हळू आवाजात मागितलं, "दोन मुलींची लव्हस्टोरी आहे का गं तुझ्याकडे? पण शेवटी कोणी मरत नाही अशी दे." माझ्याकडे अशा गोष्टी होत्या, पण तिची दुसरी अट लावून चाळल्यावर किती थोड्या उरतात ते तेव्हा मोजलं. असं का होतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

मराठीपासून सुरुवात करू. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आलं. विनय आपटे दिग्दर्शक आणि मुख्य भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा, वातावरण कॉलेजचं. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही बिनधास्त मुलगी कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. दोघींना भेटायला जागा नाही, म्हणून मित्राचा लाजराबुजरा दोस्त बापू आपली खोली देतो. (रूम पार्टनरला बाहेर काढणं हा प्रकार तेव्हाही होता तर!) नावातली गंमत बघा. 'मित्राची' म्हणजे मित्र या शब्दाला 'ची' लावलं असंही होतं आणि मित्रा या नावाला लावलं असंही. म्हणजे गोष्ट तिची आणि एका मित्राचीही. इंग्रजी भाषांतराचं नाव 'अ फ्रेंड्स स्टोरी' आहे, त्यात हा खेळ राहिलेला नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं वाचन आधी इंग्रजी आणि मग मराठी असं उलट्या दिशेने झालं, त्यामुळे असं काही सापडलं की मला फार आनंद होतो.

पण नाटकाचा शेवट मित्राच्या आत्महत्येने होतो. तेंडुलकरांनी तिला कुठेही हिणवलेलं नाही, उलट तिच्याइतकं खरं बोलणारं त्या नाटकात दुसरं कोणी नाही. तरीही ज्या मुलीने मला तसं विचारलं, तिच्या हातात मी हे पहिलं पुस्तक म्हणून ठेवणार नाही. याच नाटकावर रवी जाधव यांनी 'मित्रा' हा कृष्णधवल लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ च्या 'बायोस्कोप' या चित्रपटात तो आहे. तो बघा, जमल्यास नाटक वाचल्यावर.

त्याच सुमारास, १९८२ मध्ये, 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा जब्बार पटेलांचा हा चित्रपट. स्मिता पाटीलसाठी तो सगळ्यांनी बघितलेला असतो, पण महिलाश्रमातल्या दोघींचं नातं त्यात येतं हे फार जणांच्या लक्षात राहत नाही. तिथेही ते अधीक्षिकेपुढची एक अडचण म्हणून येतं. त्या दोघी एकमेकींशी काय बोलत असतील, ते आपल्याला ऐकू येत नाही.

आता 'मरण' हा नियम आला कुठून? काही अंशी चक्क पोस्ट खात्यातून! अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लील मजकूर टपालाने पाठवणं गुन्हा होता, आणि पुस्तकं तर टपालानेच जायची. १९५२ साली मॅरिजेन मीकर हिने व्हिन पॅकर या टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' लिहिलं. कॉलेजातल्या मुलींच्या होस्टेलसारख्या घरात घडणारी गोष्ट आहे. संपादकाने तिला आधीच बजावलं की शेवट सुखाचा ठेवता येणार नाही, नाहीतर टपाल अधिकारी गठ्ठे जप्त करतील. मग एक नायिका वेडी होते आणि दुसरी म्हणते की माझं प्रेम नव्हतंच. म्हणजे शेवट लेखिकेला सुचलेला नव्हता, तो स्पेसिफिकेशनमध्येच दिलेला होता. आपल्या भाषेत, बाउंडरी कंडिशन! त्याआधी १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये रॅडक्लिफ हॉल हिच्या 'द वेल ऑफ लोनलीनेस'च्या प्रती नष्ट करायचा हुकूम कोर्टाने दिला होता. त्यात 'तसलं' काही शोधायला जाल तर निराश व्हाल. नायिका शेवटी प्रेयसीला स्वतःहून दूर करते, तरीही पुस्तक वाचलं नाही.

आपल्याकडे इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही उर्दू कथा १९४२ सालची. तिच्यावर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला झाला आणि नेमका अश्लील शब्द कोणता ते कोणाला दाखवता येईना, म्हणून त्या सुटल्या. सेन्सॉरने पास केलेल्या दीपा मेहतांच्या 'फायर'ची पाळी डिसेंबर १९९८ मध्ये आली, मुंबईत थिएटरांवर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी अश्विनी सुखटणकर यांनी संपादित केलेलं 'फेसिंग द मिरर' हे भारतीय लेस्बियन लेखनाचं इंग्रजी पुस्तक पेंग्विनने काढलं. त्यात कित्येक जणींनी टोपणनावाने लिहिलंय.

आता त्या मुलीला मी काय दिलं ते सांगते. पहिलं, पॅट्रिशिया हायस्मिथचं 'द प्राईस ऑफ सॉल्ट'. हेही १९५२ चंच, म्हणजे 'स्प्रिंग फायर'च्या वर्षाचं! दुकानात काम करणारी तरुण थेरेज आणि घटस्फोटाच्या वाटेवरची कॅरोल. हायस्मिथनेही क्लेअर मॉर्गन हे खोटं नाव घेतलं, पण शेवट मात्र आशेचा ठेवला. नंतर कित्येक वाचकांनी तिला आभाराची पत्रं पाठवली. स्वतःचं नाव तिने जवळजवळ चार दशकांनी लावलं. 'कॅरोल' हा २०१५ चा सिनेमा याच्यावरच आहे.

दुसरं, सारा वॉटर्सचं 'टिपिंग द व्हेल्वेट' (१९९८). नायिका नॅन समुद्रकाठच्या गावातली, घरचा धंदा कालवं उघडून विकण्याचा. आमच्या निडीहून रोह्याला उतरलं की कुंडलिकेची खाडी, त्यामुळे कालवं म्हटल्यावर मला ते व्हिक्टोरियन इंग्लंड एकदम शेजारचं वाटायला लागलं. ती नाटकमंडळीतल्या पुरुषवेश करून गाणाऱ्या मुलीच्या मागे लंडनला जाते. तिथे फसवणूक, उपासमार सगळं होतं, पण शेवट चांगला आहे. मात्र प्रसंग बरेच मोकळे आहेत, तेव्हा दिवा-रोहा गाडीत उघडताना वर्तमानपत्राचं कव्हर घाला. शेजारच्या मावशी "काय वाचतेस गो एवढं?" विचारतातच. तिचंच 'फिंगरस्मिथ' (२००२) रहस्यकथा म्हणूनसुद्धा झकास आहे. कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनी ते 'द हँडमेडन'मध्ये (२०१६) थेट जपानी राजवटीतल्या कोरियात नेलं. तिकडे जमतं तर कोणीतरी ते पेशवाईतल्या वाड्यात का नेऊ नये? मी तिकीट काढून बघेन.

आणि आपल्या मातीतलं नाव म्हणजे सुनीती नामजोशी. जन्म १९४१, मुंबई. आईकडून फलटणच्या राजघराण्याशी नातं. आयएएसमधली नोकरी सोडून त्या कॅनडाला गेल्या. आईबरोबर त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलंय. त्यांचं 'फेमिनिस्ट फेबल्स' १९८१ चं, म्हणजे मित्रा रंगभूमीवर आली त्याच वर्षाचं. पंचतंत्रासारख्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत, काही तर अर्ध्या पानाच्या. पीएलच्या दिवसांत याहून सोयीचं पुस्तक नाही.

थोडं पुस्तक सुचवण्याबद्दल. एरवी शेवट सांगणाऱ्याला आपण शिव्या घालतो, पण या कप्प्यात मी शेवट आधी सांगते. काय होणार ते माहीत असेल तर वाचणारी तयारीने वाचते, किंवा वाचतच नाही. तिला हवं तेव्हा 'मित्राची गोष्ट'सुद्धा वाचेल. दुसरं, "तुला का हवंय?" असं मी विचारत नाही. अगाथा ख्रिस्ती मागणाऱ्याला आपण "कोणाचा खून करायचाय?" असं विचारतो का? पुस्तक मागणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे मेसच्या टेबलावर सांगायचं नसतं, रूम पार्टनरला तर नाहीच. माझ्या वहीत पुस्तकाचं नाव आणि परत यायची तारीख एवढंच लिहिलेलं असतं.

स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर कायद्याचंही सांगते. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाला मान्यता द्यायला मात्र नकार दिला. कादंबरी वाचणं या दोन्हींच्या आधीही गुन्हा नव्हता. लायब्ररीच्या खरेदीच्या यादीसाठी मी चार नावं दिली आहेत. मंजूर झाली तर प्रत्येकी दोन प्रती घ्याव्यात ही विनंती, कारण यातली एक प्रत कोणाच्या तरी उशीखाली बरेच दिवस राहते आणि दंड भरूनच परत येते.

ता. क. 'द प्राईस ऑफ सॉल्ट' सध्या बाहेर आहे. नंबर लावायचा असेल तर जेवणानंतर भेटा.