'पप्पा, तुमच्या तोंडाला वास येतो!'

पाहुणे आले आहेत. चहा झाला, पोहे झाले, सोयरिकीचा विषय आता निघणार इतक्यात घरातले चार वर्षांचे चिरंजीव पाहुण्या मावशींसमोर येऊन उभे राहतात. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "मावशी, तुमच्या पोटात बाळ आहे का?" मावशी पंचावन्नच्या पुढच्या. बैठकीत क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी उगाच हसते, आई चिरंजीवांना दंडाला धरून आत नेते आणि स्वयंपाकघरातून धपाट्याचा आवाज बाहेर ऐकू येतो.

असा प्रसंग घडला नाही असे घर सापडणे कठीण. कुणाचे पोर आजोबांना विचारते, "तुम्ही कधी मरणार?" आणि लगेच, "मग तुमची काठी मला द्याल?" कुणी आत्याबाईंच्या मिशांकडे बोट दाखवते. कुणी जेवताना शेजारच्या काकूंची भाजी आईपेक्षा चांगली असते हे जाहीर करते. आणि कधी तर लेकरू फक्त टेपरेकॉर्डर असते: "आजी, तू गावाला कधी जाणार? मम्मी विचारत होती." अशा वेळी सासू-सुनांमध्ये पुढे काय होते, तो या सदराचा विषय नाही.

हसण्यासारखेच आहे हे सगळे, जरूर हसावे. पण आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण वेगळे आहे. लेकरांच्या या फटकळ बोलण्यात पुष्कळदा घरातल्या मोठ्या माणसाच्या दुखण्याची पहिली बातमी असते. बातमी देणारे एवढेसे म्हणून आपण ती ऐकत नाही, आणि वर त्यालाच चोप देतो.

मूल असे का बोलते, ते आधी पाहू. ते उद्धट नसते. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, हेच त्याला अजून पुरते उमगलेले नसते. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक साधी गोष्ट सांगितली. एका मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवले आणि तो खेळायला गेला. मागे आईने ते काढून दुसऱ्या कपाटात ठेवले. आता मुलगा परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? आपण म्हणू, पहिल्या कपाटात, कारण त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! पण तीन वर्षांची बहुतेक मुले दुसरे कपाट दाखवतात. मला माहीत आहे म्हणजे त्यालाही माहीत असणारच, असा त्यांचा हिशेब. चार-पाच वर्षांच्या सुमारास हे कोडे सुटू लागते. तरी कळणे आणि जिभेवर ताबा येणे यांत आणखी दोन-तीन वर्षे जातात. मग मूल नावडत्या भेटीलाही "छान आहे" म्हणायला शिकते, म्हणजे आपल्यासारखे होते. राजा नागडा आहे असे ओरडणारे पोर हान्स अँडरसनने १८३७ मध्ये आपल्या गोष्टीत आणले. ते पोर चार-पाच वर्षांनी मोठे असते तर गर्दीत तेही गप्प राहिले असते.

दुसरे कारण अगदी साधे आहे. लेकरू आपल्याला फार जवळून पाहते. ते मांडीवर बसते, कुशीत झोपते, गळ्यात पडते. आपले तोंड त्याच्या नाकासमोर असते. शिवाय ते आपल्याला खालून वर पाहते. बायको नवऱ्याला, नवरा बायकोला अशा बाजूने कधी पाहत नाही. म्हणून "आई, तुझ्या गळ्यात लिंबू आहे" हे प्रथम पोरीला दिसते. आई पाणी पिते तेव्हा ते लिंबू वरखाली हलते, याची तिला गंमत वाटते. घोट गिळताना हलणारी गळ्याची गाठ ही बहुधा थायरॉईड ग्रंथीची असते. पुष्कळदा ती निरुपद्रवी निघते, पण रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी केल्याशिवाय तसे म्हणता येत नाही.

किंवा हे वाक्य घ्या: "पप्पा रात्री मरतात आणि परत जिवंत होतात." ऐकून अंगावर काटा येतो. पोराने पाहिलेले असते ते असे की पप्पा मोठ्याने घोरत असतात, मध्येच आवाज एकदम बंद होतो, छाती हलते पण श्वास येत नाही, आणि काही सेकंदांनी घुसमटल्यासारखा मोठा हुंदका देऊन घोरणे पुन्हा सुरू होते. झोपेत श्वास अडण्याचा हा एक विकार आहे. अशा माणसाला रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येते, रक्तदाब वाढतो, सकाळी डोके जड असते. त्याच्या हातात ट्रकचे किंवा टेम्पोचे चाक असेल, आणि नगर-पुणे रस्त्यावरून रोज जाणे-येणे असेल, तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. यावर उपचार आहेत. वजन कमी करण्यापासून ते झोपताना नाकाला लावायच्या यंत्रापर्यंत. पण घोरण्याला आपण गाढ झोपेची खूण समजतो, त्यामुळे दवाखान्यात कोणी ते सांगतच नाही.

बैठकीतल्या त्या मावशींचेही तसेच. पन्नाशीनंतर हातपाय बारीक आणि पोटाचा घेर मात्र थोड्याच महिन्यांत वाढलेला, चार घास खाल्ले की पोट गच्च, लघवीला सारखे जावे लागते, अशी लक्षणे असतील तर ती नुसती चरबी किंवा गॅस समजू नये. पोटात पाणी साचणे, गर्भाशयाच्या किंवा बीजकोषाच्या गाठी यांनीही असे होते. मावशी वर्षभर ते पदराआड झाकत असतात.

आता शीर्षकातल्या वाक्याकडे येऊ. तोंडाला वास येण्याची कारणे बरीच आहेत. हिरड्यांचा आजार, किडलेली दाढ, न घासलेली जीभ, सायनसचा त्रास. मधुमेह फार वाढला तर श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर तासभरही थांबू नये. परंतु आपल्याकडे एक मोठे कारण म्हणजे तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले, म्हणजे चारातला एक. त्यात ओढणारे थोडे, चघळणारे आणि लावणारे जास्त. बायकांची मिश्री यातच आली. "आजी दाताला काळे लावते आणि मग तिला चक्कर येत नाही," असे नात सांगते तेव्हा तिने आजीची तलफ नेमकी पकडलेली असते. गरोदर सुनेने मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याची भीती असते, हे मात्र आजींना कोणी सांगितलेले नसते.

"पप्पांच्या तोंडात मोठा घास जात नाही, ते चिमणीचे घास खातात." हे वाक्य ऐकले तर मुलाला शाबासकी द्यावी आणि पप्पांना आरशासमोर उभे करावे. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे एकावर एक अशी उभी दातांमध्ये जातात का ते पाहावे. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असेल तर कर्करोगाआधीची ही पायरी असू शकते. नुसत्या सुपारीनेही हे होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण बंदी किती पाळली जाते ते टपरीवर उभे राहिले की दिसते. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे.

इथे आपल्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीची आठवण निघणारच. पारनेर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात एके काळी दारूच्या तीसहून अधिक हातभट्ट्या होत्या. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले, संत यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि त्याच मंदिरात बसून गावाने भट्ट्या बंद करण्याचे ठरवले. पुढे तरुणांच्या पुढाकाराने विडी, सिगारेट, तंबाखूची होळी झाली आणि दुकानांतून त्यांची विक्री थांबली. म्हणजे त्या गावातल्या लेकराला "जा रे, दुकानातून पुडी आण" हे काम सांगताच येईनासे झाले. आरोग्याच्या दृष्टीने मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. बाकी ठिकाणी तंबाखूची पहिली ओळख मुलाला बहुधा अशा पुडीनेच होते, आणि ती आणायला पाठवणारा त्याचा बापच असतो.

त्या काळात पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले जात, हेही सर्वश्रुत आहे. त्यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. वैद्यकीय बाजूने एवढेच म्हणता येईल की दारूचे व्यसन हा आजार आहे आणि माराने आजार बरा होत नाही. मात्र गावाने जे पाहिले ते खरे होते. दारुड्याच्या घरात सर्वांत जास्त सोसते ते पोर. अशा घरातले पाच वर्षांचे लेकरू संध्याकाळी दारात उभे राहून आईला विचारते, "आज चांगले पप्पा येणार की दुसरे?" या वाक्याला कोणी हसत नाही. कोणी रागावतही नाही, कारण उत्तर आईलाही माहीत नसते.

हे वाक्य ज्या बापाच्या कानी पडेल, तो भावनेच्या भरात त्याच रात्री बाटली फेकून देण्याची शक्यता आहे. इथे सावध राहावे. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस भलतेच बरळू लागतो. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी झाले, आणि अंगारा आणायला धावतात. हे भूतबित नसून दारू तुटल्याने झालेला, जिवावर बेतू शकणारा त्रास आहे. म्हणून अशा माणसाने दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन. तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात विचारावे. मन खचले असेल, बोलायला कोणी नसेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

आता धपाट्याबद्दल. चारचौघांत पोर काहीतरी बोलून गेले तर काय करावे? काही करू नये. पाहुण्यांची माफी आपण मागावी, पोराला मारू नये, आणि नंतर एकटे असताना सांगावे, "तू पाहिलेस ते बरोबर असेल, पण मावशींना वाईट वाटले. असे काही दिसले तर आधी माझ्या कानात सांग." या शेवटच्या वाक्यातले शब्द महत्त्वाचे आहेत. 'माझ्या कानात सांग' असे म्हणावे, 'कुणाला सांगायचे नाही' असे म्हणू नये. घरातल्या गोष्टी बाहेर सांगणे वाईट, हे आपण पोरांवर इतके बिंबवतो की लहान मुलांशी गैरवर्तन करणाऱ्याचे काम सोपे होते. त्याचेही पहिले वाक्य हेच असते, कुणाला सांगायचे नाही. "तो दादा मला आवडत नाही, तो चड्डीत हात घालतो," असे मूल सहज, खेळता खेळता बोलून जाते. नेमके त्या वेळी "काहीतरीच बोलतोस!" म्हणून त्याचे तोंड बंद केले तर ते दुसऱ्यांदा सांगेलच असे नाही. अशा वेळी न ओरडता, न घाबरवता ऐकून घ्यावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि १०९८ या बालकांसाठीच्या क्रमांकावर किंवा पोलिसांत कळवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती लपवणे हाही गुन्हा ठरतो.

अंगणवाडीताईंना हे सगळे आपल्यापेक्षा आधी कळते, हेही लक्षात असू द्यावे. तीन ते सहा वर्षांची पोरे रोज तिथे बसतात आणि कोणाच्या घरी काय शिजले, काय फुटले, कोण कोणाशी बोलत नाही, हे खिचडी खाता खाता सांगत असतात. शहाण्या ताई ते गावभर करत नाहीत. पण "घरी आजोबा सारखे खोकतात, रुमालाला लाल लागते," एवढे ऐकून एखाद्या ताईंनी आशाताईंना त्या घरी पाठवले, तर क्षयरोगाची तपासणी वेळेत होते. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

डॉक्टरांकडे गेल्यावर लेकराचे वाक्य जसेच्या तसे सांगावे, त्याला साजसंस्कार करू नयेत. "जरा घोरतो" असे सांगितले तर डॉक्टर मान हलवून पुढच्या रुग्णाकडे वळतील. "आमचा बाळू म्हणतो, पप्पा रात्री मरतात आणि परत जिवंत होतात," असे सांगितले तर ते पेन खाली ठेवतील आणि विचारतील, "किती वेळ श्वास बंद असतो?" हे कोणालाच सांगता आले नाही, तर बाळूला सोबत न्यावे.