दसऱ्याला वर, शिमग्याला खाली : सौर पंपाच्या प्लेटांचा कोन

अंबाबाईचा किरणोत्सव तुम्ही पाहिला असेल, निदान ऐकला तरी असेल. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. या दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सारख्याच अंतरावर मावळतो. मधल्या काळात तो आणखी दक्षिणेला सरकतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास मागे फिरतो. देवळाच्या दारात जे दिसते, तेच तुमच्या विहिरीवरच्या सौर प्लेटांना लागू आहे. म्हणून प्रश्न येतो, प्लेटा एकाच कोनात कायमच्या बसवाव्यात की हंगामाप्रमाणे वर-खाली करता येतील अशा?

कोल्हापूर साधारण पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे कायमची चौकट बसवताना प्लेटांची तोंडे दक्षिणेकडे करून १५ ते १७ अंशांचा उतार देतात. अंश मोजायचे यंत्र नसले तरी अडत नाही. उताराच्या दर दहा फुटांमागे वरची कड खालच्या कडेपेक्षा तीन फूट उंच असली की १७ अंश झाले. पाच फूट उंच असली तर ३० अंश, पावणेदोन फूट असली तर १० अंश.

आता नफा-तोटा बघू. ऊन प्लेटेवर काटकोनात पडले तर पुरे मिळते. दहा अंश तिरके पडले तर दीड टक्का कमी, वीस अंशांना सहा टक्के आणि तीस अंशांना तेरा टक्के कमी. डिसेंबरात भर दुपारी कोल्हापूरला ४० अंशांचा उतार हवा. कायमच्या १७ अंशांच्या प्लेटेवर तेव्हाचे ऊन २३ अंश तिरके पडते, म्हणजे आठ टक्के गेले. उन्हाळ्यात उलट आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्याच बुडाशी राहते. तेव्हा प्लेट जवळजवळ आडवी हवी. जूनमध्ये सूर्य थोडा उत्तरेलाही जातो, पण तेव्हा आभाळ भरलेले आणि पंप बंद, त्याची काळजी नको.

फिरती चौकट असेल तर वर्षातून दोनच वेळा हात लावा. दसऱ्याला वरची कड उचलून ३० अंश, शिमग्याला खाली आणून १० अंश. याहून सपाट करू नका, पावसाने प्लेटा धुऊन निघायला तेवढा उतार लागतोच. एवढे केले तर वर्षाकाठी कायमच्या चौकटीपेक्षा तीन-चार टक्के जादा वीज धरा. पंप दिवसाला पाच तास नीट ओढत असेल, तर चार टक्के म्हणजे बारा मिनिटे. त्या बारा मिनिटांसाठी जादा पैसे मोजायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते पदरचे पैसे घालून फिरती चौकट घेण्यात अर्थ नाही. आधीच मिळालेली असेल तर मात्र तिचा उपयोग न करणे वेडेपणाचे.

आणि पुष्कळांना ती मिळालेली असू शकते. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या सौर पंपांच्या मानकांत हंगामी कोन बदलण्याची, तसेच दिवसातून तीन वेळा हाताने प्लेटा फिरवण्याची सोय सांगितलेली आहे. २०१९ ची कुसुम योजना असो की राज्याची २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’, आपल्या पंपाच्या चौकटीला दांडा किंवा जादा भोके आहेत का, हे रानात जाऊन बघा. मात्र एक खोड सांभाळा. संध्याकाळी प्लेटा पश्चिमेकडे फिरवल्या आणि तशाच राहिल्या, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ वाया. रोज फिरवायला माणूस नसेल, तर मधल्या खाचेत दक्षिणेकडे तोंड करून बोल्ट आवळून टाका. कायमची चौकट परवडली, पण भलतीकडे तोंड केलेली फिरती चौकट परवडत नाही.

वाऱ्याचेही बघावे लागते. प्लेट जितकी उभी तितका वारा जास्त धरते. मानकांत ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल अशी चौकट सांगितली आहे, पण बोल्ट ढिले असतील तर कागदावरचा आकडा काय कामाचा? वळीव एप्रिल-मेमध्ये सुटतो, म्हणूनही शिमग्याला प्लेटा खाली आलेल्या बऱ्या. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात नटबोल्ट गंजून धरतात. पाऊस सरला की त्यांना ग्रीस लावा, नाहीतर दसऱ्याला पाना फिरायचा नाही. शिरोळ, करवीरच्या नदीकाठी चौकट उभारणार असाल तर कोनाआधी २०१९ आणि २०२१ च्या पुराची खूण बघा.

यापेक्षा मोठे नुकसान सावली करते, आणि आपल्याकडे सावली म्हणजे ऊस. डिसेंबरात १२ फुटी उसाची सावली भर दुपारीही उत्तरेकडे १० फूट पडते, सकाळी साडेनऊच्या सुमारास २० फूट. प्लेटा एका माळेत जोडलेल्या असतात. एकीवर सावली आली तरी सगळ्या माळेची वीज घटते. लागण करताना प्लेटांच्या दक्षिणेला, पूर्वेला आणि पश्चिमेला २० फूट रान मोकळे सोडा, नाहीतर तिथे भुईमूग, भाजी असले बुटके पीक घ्या.

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या छतावर मात्र कायमचीच चौकट बसवा, ग्रामसेवकांनी फिरतीच्या भानगडीत पडू नये. शिडी लावून छतावर चढणार कोण? योजनेतल्या पंपाला पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा आहे, तेव्हा गावच्या वेल्डरकडून चौकट कापून घेण्याआधी पंप बसवणाऱ्या कंपनीला लेखी विचारा. दक्षिण दिशा ठरवायला घड्याळात साडेबाराच्या आसपास काठी रोवून बघा. सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा ती उत्तर-दक्षिण रेषेवर असते. मे ते जुलैमध्ये हे करू नका, तेव्हा सावलीच हाती लागत नाही.