जुनी गाडी, घरचं गॅरेज – भाग ७ : हेड उतरवताना

मागच्या आठवड्यात आपण निदान पक्कं केलं. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, आणि जमिनीवर थेंबही न सांडता कमी होणारं पाणी. हेड गॅस्केट, म्हणजे गॅरेजमधल्या बोलीतलं हेड पॅकिंग, गेलेलं आहे. आता ते बदलू. गाडी तीच, कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८००. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घरी शिकायला फार चांगलं. हेड लहान आहे, एकट्याला उचलून टेबलावर ठेवता येतं, आणि गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी सुटे भाग मिळतात.

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. तीस सेंटिमीटर लांबीत, ऐंशी अंशांच्या तापमानवाढीला, दोघांमध्ये पाव मिलिमीटरहून जास्त तफावत येते. गाडी तापताना आणि निवताना ही ओढाताण गॅस्केट मुकाट्याने सोसत असतं. शिवाय जळत्या वायूचा दाब, पाणी आणि ऑइल यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. इतकं करून ते वर्षानुवर्षं टिकतं. ते जातं ते बहुतेक वेळा इंजिन एकदा बेसुमार तापल्यामुळे. म्हणून गाडी का तापली, हे शोधल्याशिवाय नवं गॅस्केट बसवणं म्हणजे पैसे आणि मेहनत दोन्ही वाया घालवणं.

इंजिन रात्रभर निवू द्या. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते वाकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कूलंट रुंद घमेल्यात घ्या आणि लगेच झाका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. टायमिंग बेल्ट काढण्याआधी क्रँक आणि कॅम पुलीच्या खुणा जुळवून फोटो काढा, डिस्ट्रिब्युटरच्या रोटरची दिशाही टिपून ठेवा. मॅनिफोल्ड, होस, वायरी सुटल्या की हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, प्रत्येक थोडाथोडा, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. हेड चिकटून बसलं असेल तर लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोका. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे गळतीची वाट होतो.

इथून पुढचं काम बहुतेकांना कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते खरी दुरुस्ती हीच. जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. ग्राइंडरला घासणी लावून दोन मिनिटांत पृष्ठभाग चकचकीत करून देणारे कारागीर दिसतात. त्यांचं अनुकरण करू नका. त्या घासणीची बारीक पूड ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते. मग स्टीलची सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर आडवी ठेवून खालून फीलर गेज सरकवून बघा. ०.०५ मिलिमीटरचं पातं, म्हणजे वहीच्या कागदाच्या साधारण निम्म्या जाडीचं, सहज आत गेलं तर हेड मशिन शॉपमध्ये फेसिंगला न्या. तिथे कमीत कमी धातू काढायला सांगा. हेडची उंची घटली की कॉम्प्रेशन वाढतं आणि वर बसलेल्या कॅमचं टायमिंगही किंचित सरकतं. ब्लॉकचा माथाही तसाच तपासा.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल साचलं असेल तर बोल्ट आवळताना त्याला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. नवं गॅस्केट सुलट बाजूने ठेवा. पाण्याची आणि ऑइलची भोकं ब्लॉकशी जुळलीच पाहिजेत. शेलॅक किंवा सीलंट काही लावू नका. बोल्ट आता उलट क्रमाने, मध्याकडून कडेकडे, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळा. हाताच्या अंदाजावर इथे विसंबू नका. टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा.

बेल्ट चढवला की क्रँक हाताने, गोटी पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवा. खुणा पुन्हा जुळल्या तरच स्टार्टरला हात लावा. टॅपेट सेट करा, ऑइल आणि फिल्टर बदला. पाणी मिसळलेलं ऑइल एक दिवसही इंजिनात राहू देऊ नका.

आता कारणाकडे. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकायची सवय आहे. मला या सवयीचा मनापासून राग येतो. व्हॉल्व्ह नसला की इंजिन योग्य तापमानाला वेळेत पोचत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि चोक झालेला रेडिएटर तसाच राहतो. व्हॉल्व्ह पातेल्यातल्या पाण्यात टाकून गरम करा. उकळी यायच्या आत तो उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा बसवा. पंख्याचा स्विच तपासा. बोअरिंगचं कठीण पाणी न भरता कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरा, आणि इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा पूर्ण निघेपर्यंत थांबा.

रेडिएटर आतून कसा साफ करायचा, ते पुढच्या आठवड्यात.