आधी पिनकोड, मग प्रोसेसर

दौंडच्या दुकानात शेजाऱ्यांची मुलगी ज्या लॅपटॉपवर भाळली, तो आम्ही शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. २ किलो ३०० ग्रॅम. चार्जर ठेवल्यावर काटा तीन किलोच्या जवळ. ‘कांद्यापेक्षा महाग माल दिसतोय,’ किराणावाला म्हणाला. ती रोज डेमूनं पुण्याला कॉलेजला जाते. सकाळी दौंडला जागा मिळते. संध्याकाळी उरुळीपर्यंत उभंच, पाठीवर सॅक.

‘पण काका, गेमिंगचा आहे, फास्ट चालेल.’ चालेल, पण तिला कोडिंग आणि प्रोजेक्टच करायचे. त्याला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी पुष्कळ झाली. प्रोसेसरच्या नावापुढचं अक्षरही वाचावं: ‘यू’ बॅटरी जपतो, ‘एच’ ताकद दाखवतो, पण वीज खातो आणि तापतो. हलक्या यंत्रांत रॅम बहुधा मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून ८ जीबीवर भागवू नये.

शिरूरला राहून रांजणगाव एमआयडीसीत थ्रीडी ड्रॉइंग करणाऱ्याचं गणित उलटं. त्याचं यंत्र टेबल सोडत नाही. त्यानं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावं आणि वजनाची फिकीर करू नये. असली यंत्रं चार्जर काढला की मंदावतात, एवढं त्यानं ध्यानात ठेवलं की झालं.

दोघांना सारखीच लागू पडणारी गोष्ट दुकानात सहसा कुणी काढत नाही: बिघडला तर येणार कोण? ‘ऑनसाइट’ म्हणजे कारागीर घरी येणार. ‘कॅरी-इन’ म्हणजे आपणच लॅपटॉप घेऊन सेंटरला जायचं. त्यासाठी पुणं गाठावं लागलं, तर शिरूरकराला एसटीनं वाकडेवाडी, दौंडकराला पुन्हा तीच डेमू. दुरुस्तीला ठेवून घेतला, तर आणायला दुसरी खेप. खोक्यावर ‘ऑनसाइट’ छापलेलं असलं तरी आपल्या गावापर्यंत ती सेवा पोचते का, हे वेगळं विचारावं लागतं. शिरूरचा पिनकोड ४१२२१०, दौंडचा ४१३८०१. पैसे देण्याआधीच तो सांगून हेल्पलाइनला विचारावं. दुकानदार ‘येतात हो, येतात’ म्हणतो. ते त्यानं बिलावर लिहून दिलं तर खरं.

आम्ही काउंटरवरूनच फोन लावला. दोन कंपन्यांपैकी एकीनं दौंडला माणूस पाठवू म्हणून स्पष्ट सांगितलं, दुसरीनं पुण्यातल्या सेंटरचा पत्ता दिला. मुलीनं पहिलीचा १ किलो ४०० ग्रॅमचा, १४ इंची घेतला आणि उरलेल्या पैशांत वॉरंटी तीन वर्षांची करून घेतली. पैसे देण्याआधी लॅपटॉप उलटा करून खालचा सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहिला. त्यात एक आकडा चुकला होता. दुकानदारानं मुकाट्यानं नवं बिल काढलं.