मोठं झाड पाडायचं नसतं, उतरवायचं असतं

वळवाचे दिवस आले की गटाच्या बैठकीत हप्ते-कर्जाचं बोलणं संपल्यावर हमखास झाडाचा विषय निघतो. कुणाच्या पत्र्यावर चिंचेची फांदी आली आहे, कुणाच्या अंगणातली निलगिरी वाऱ्यात डुलते, कुणाच्या वडाखाली अंगणवाडीची पोरं बसतात. मग कुणीतरी म्हणतं, “वखारवाल्याला सांगा, लाकूड तुझं, पाडणं तुझं.” आज आपण या एका वाक्याबद्दल बोलणार आहोत. कारण या सौद्यात झाडावर चढणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत कुणीच धरलेली नसते.

आधी धोका किती खरा आहे ते पाहू. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी ९ एप्रिल २०२३ च्या रात्री वादळ आलं. मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडखाली लोक आडोशाला थांबले होते. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं आणि सात माणसं गेली. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आपल्या खेड, मावळ, जुन्नर भागात आलं, तेव्हा पडलेली झाडं आपण सगळ्यांनी पाहिली. म्हणजे धोकादायक झाडाकडे डोळेझाक करून चालत नाही. पण घाईघाईने, कसंही पाडूनही चालत नाही.

चाकण परिसरात तर झाडांचा हा प्रश्न वाढतच चालला आहे. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे, सगळीकडे कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या झाल्या. झाड होतं तिथेच राहिलं आणि खोल्या त्याच्या बुंध्याला येऊन टेकल्या. पाइपलाइनसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तुटतात. अंगणात बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि खालून त्याचा आधार सुटत जातो.

म्हणून पहिलं काम कुऱ्हाड नाही, पाहणी. बुंध्याशी भूछत्रासारखी बुरशी उगवली आहे का? खोडात ढोली आहे का? लाकडी हातोड्याने ठोकलं तर भरीव आवाज येतो की ढब ढब? झाड नव्याने कललं आहे का? कललेल्या झाडाच्या मागच्या बाजूला जमिनीला भेग पडली आहे का? दोन मोठे खांदे फुटतात त्या बेचक्यात चीर आहे का? जमिनीची भेग आणि नवा कल ही सगळ्यात वाईट लक्षणं. ती दिसली तर झाडाखालून माणसं आणि जनावरं त्याच दिवशी हलवा. बाकी बऱ्याच वेळा वाळलेल्या फांद्या काढल्या, छपरावरचा भार हलका केला, तरी झाड वाचतं आणि छप्परही वाचतं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. झाडाचा शेंडा आणि सगळे खांदे सपासप मारले की झाड सुरक्षित होतं असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून पाहिली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालतं आणि कूज तिथेच अडवायचा प्रयत्न करतं. जखम लहान असेल तर भिंत टिकते. खांदाच उडवला तर कूज आत उतरते. वर जे धुमारे फुटतात ते नुसते वरवर चिकटलेले असतात. पाच-सात वर्षांनी जड झाले की वादळात तेच आधी मोडतात.

आता समजा, झाड काढण्यावाचून इलाजच नाही. मोकळ्या रानात बुंध्याला खाच पाडून झाड एका बाजूला आडवं करता येतं. पण चहूबाजूंनी खोल्या, तारा आणि रस्ता असेल तर आडवं पाडायला जागाच नसते. अशा वेळी झाड वरून खाली, तुकड्यातुकड्याने उतरवावं लागतं. जगात अनेक ठिकाणी ही शिकलेल्या माणसांची स्वतंत्र विद्या आहे. त्यांना आर्बरिस्ट म्हणतात, म्हणजे झाडाची तब्येत पाहणारा आणि वेळ आली तर झाड उतरवणारा कारागीर. ते कसं करतात ते समजून घेऊ, म्हणजे आपल्या दारात कोण काय चुकीचं करतंय ते आपल्याला कळेल.

आधी एक बारीक दोरी वजन बांधून वरच्या मजबूत बेचक्यावरून टाकतात आणि तिच्या मागून चढायचा जाड दोर ओढून घेतात. जमिनीवरून दोन माणसं त्या दोराला लोंबकळून बघतात. बेचका टिकला, तरच माणूस चढतो. त्याच्या कमरेला आणि मांड्यांना बसणारा पट्टा असतो, डोक्यावर हेल्मेट. करवत हातात घेण्याआधी तो दुसरा छोटा दोर खोडाभोवती घालतो. नियम असा की कापताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा. चुकून एक दोर कापला गेला तर दुसरा धरतो.

फांदी कापायची ती तीन कापांत. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. म्हणजे फांदी तुटताना साल सोलत खोडापर्यंत येत नाही आणि वर बसलेल्या माणसाकडे उसळत नाही. झाड ठेवायचं असेल तर तिसरा काप उरलेल्या खुंटाला, खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेर. तो कडा कापायचा नाही, कारण झाडाची भिंत तिथूनच बांधली जाते.

फांदी मोठी असेल तर ती टाकायची नाही, सोडायची. तिला आधी दोर बांधतात. तो दोर वरच्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला दोन-तीन वेढे घेतो. खालचा माणूस वेढे ढिले करत फांदी हळूहळू उतरवतो. तो दोर त्याने हाताला कधीही गुंडाळायचा नाही, कारण फांदीबरोबर हातही ओढला जातो. वजनाचा अंदाज घ्या. दोन फूट जाडीचा, तीन फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे अडीचशे किलो भरतो. म्हणजे आपल्या चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या पन्नास किलोच्या पाच गोण्या. तो पाच-दहा फूट मोकळा पडून दोरावर आदळला तर झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. विहिरीच्या रहाटाचा जुना दोर इथे चालत नाही तो यामुळेच.

पूर्ण वाळलेल्या किंवा पोकळ झाडावर चढायचंच नाही. त्याला बाहेरून पोहोचायचं. आपल्याकडे कंपन्यांमुळे माणसांना उचलायची बूम लिफ्ट भाड्याने मिळते. पण हायड्राच्या हुकाला लोंबकळून किंवा जेसीबीच्या बकेटमध्ये उभं राहून फांदी कापणं साफ बंद करा. ती यंत्रं माणूस उचलायला केलेली नाहीत.

तारा जवळ असतील तर महावितरणला लेखी कळवा आणि लाइन बंद झाली हे त्यांच्या माणसाने सांगेपर्यंत झाडाला हात लावू देऊ नका. ओली फांदी वीज वाहून नेते. तारेला न टेकताही, अगदी जवळ गेल्यानेही झटका बसू शकतो. तुटलेली तार दिसली तर १९१२ वर फोन करा.

आता आपल्याबद्दल. झाड कापलं जातं तेव्हा खाली जळण गोळा करायला कोण धावतं? आपणच. वर करवत चालू असताना खाली आपण काटक्या ओढतो, पोरं मागे येतात. झाडाच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत दोरी लावून जागा मोकळी ठेवायची आणि वरचा माणूस थांबल्याशिवाय, मुकादमाने हाक दिल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. जळण तासाभराने मिळालं तरी चूल पेटते.

आणखी एक. आपले नवरे, भाऊ, मुलं कंपनीत जातात. तिथे माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीच्या वर काम असेल तर परवाना लागतो, पट्टा लागतो, हेल्मेट लागतं. तोच माणूस रविवारी शेजाऱ्याच्या झाडावर अनवाणी, कमरेला कोयता खोचून चढतो आणि आपण खालून म्हणतो, “जरा अजून पुढे सरका.” कंपनीच्या गेटबाहेर उंची कमी होत नाही.

काम ठरवताना घरातल्या बाईने सहा प्रश्न विचारायचे. एक, परवानगी आहे का? दोन, वीज बंद होणार का आणि कोण करणार? तीन, पट्टा, हेल्मेट आणि चांगले दोर आहेत का? चार, वरचा माणूस अडकला किंवा बेशुद्ध पडला तर चढून त्याला खाली आणणारा दुसरा माणूस हजर आहे का? पट्ट्यात निपचित लोंबकळलेला माणूस काही मिनिटांतच जिवावर बेततो. अशा वेळी १०८ ला फोन करायचाच, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबायचं नाही. पाच, पहिली फांदी कुठे उतरणार? सहा, पाऊस आला किंवा वारा सुटला तर काम थांबवणार का? सहाव्याला “बघू” असं उत्तर आलं तर माणूस बदला.

परवानगीचं थोडं सविस्तर. गावाच्या हद्दीत १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यासाठी वन विभागाकडे अर्ज करावा लागतो. चाकण नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा शहरी झाडांचा कायदा लागतो आणि अर्ज नगरपरिषदेकडे जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिथे पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. धोका तातडीचा असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, फोटो जोडा आणि पोच घ्या. तोडण्याआधी घरटी आणि आग्या मोहोळही पाहून घ्या.

हे काम फक्त पुरुषांचं, असंही समजू नका. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात यंत्राने नारळावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यात बायकाही शिकल्या आणि त्यावर कमावू लागल्या. नारळाचं झाड आणि वडाचं झाड वेगळं, पण धडा एकच आहे: साधनं आणि शिक्षण असेल तर उंची हे धाडस न राहता काम होतं.

शेवटी पैशाचं बोलू, कारण गटाची खरी ताकद तिथेच आहे. “लाकूड तुझं, पाडणं तुझं” म्हटलं की वखारवाला कमीत कमी माणसांत, कमीत कमी वेळात झाड पाडणार, कारण त्याचा नफा त्यातच आहे. त्याऐवजी लाकडाची किंमत वेगळी ठरवा आणि उतरवायची मजुरी वेगळी द्या. ती जास्त होईल. एकटीला झेपत नसेल तर गटातून छोटं कर्ज घ्या, किंवा वाडीतल्या चार-पाच घरांची झाडं एकत्र करून चांगली टोळी एकाच दिवशी बोलवा. आणि गटातल्या प्रत्येक घरातल्या कमावत्या माणसाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे का ते पाहा. १८ ते ७० वयापर्यंत, बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाला तर घराला दोन लाख मिळतात. दरवर्षी १ जूनपासून विम्याचं नवं वर्ष सुरू होतं, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे ठेवा.

पुढच्या मासिक बैठकीत एवढंच करा. वाडीतल्या मोठ्या झाडांची यादी काढा, प्रत्येकापुढे पाहणीत काय दिसलं ते लिहा, आणि ज्या घरातून कुणी झाडावर चढायला जातो त्या घरातल्या ताईला विम्याचा फॉर्म त्याच दिवशी भरून द्या.