पाइनटॉप पर्किन्स : पंचाहत्तरीनंतरची मैफल

ब्लूज पियानोवादक जो विली ऊर्फ पाइनटॉप पर्किन्स यांचा जन्म ७ जुलै १९१३चा, मिसिसिपीतल्या बेल्झोनीचा. ते आधी गिटार वाजवत. १९४०च्या दशकात आर्कान्सातल्या हेलेना गावी चाकूच्या वाराने त्यांच्या डाव्या हाताच्या कंडरा तुटल्या. गिटार सुटली, पियानो उरला. बूगी-वूगी या पियानोशैलीत डावा हात ठेका क्षणभरही सोडत नाही. जखमी हाताने त्यांनी तो पेलला, हे लक्षात ठेवून त्यांचं वादन ऐकावं.

‘पाइनटॉप’ हे नाव क्लॅरेन्स ‘पाइनटॉप’ स्मिथ यांच्या १९२८च्या रचनेवरून आलं. ती पर्किन्स यांनी १९५३ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. १९६९ मध्ये पियानोवादक ओटिस स्पॅन यांच्या जागी ते ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या बँडमध्ये आले आणि सुमारे अकरा वर्षं गावोगाव, देशोदेशी साथ करत राहिले. गाणाऱ्याला जागा देणारी, तरी ओळखू येणारी अशी साथ फार थोड्यांना जमते.

अमेरिकेत स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम, ‘आफ्टर अवर्स’, निघाला १९८८ मध्ये. तेव्हा ते पंचाहत्तरीचे होते! पुढे २००५ मध्ये जीवनगौरव ग्रॅमी मिळालं. फेब्रुवारी २०११ मध्ये विली ‘बिग आइज’ स्मिथ यांच्यासोबतच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, तेव्हा वय होतं ९७. तोवर इतक्या वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं. २१ मार्च २०११ रोजी ऑस्टिनमध्ये ते गेले. त्या वर्षाचे वीसहून अधिक कार्यक्रम ठरलेले होते.